‘जर’ आणि ‘तर’ : इंग्रजी संकेतार्थाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाच्या वहींत आरंभींच एक कोष्टक येत असे. ‘आय’ला ‘वॉज’, ‘ही’ला ‘वॉज’. ‘वुई’ला ‘वेअर’, ‘दे’ला ‘वेअर’. तें घोकून घोकून जिभेवर बसे, परीक्षेंत त्याबद्दल पुरे गुण मिळत, आणि दोनतीन वर्षांनीं एके दिवशीं गुरुजी फळ्यावर लिहीत : ‘इफ आय वेअर अ किंग’. मी राजा असतो तर! वर्गांतील एखादा चिकित्सक मुलगा उभा राही आणि विचारी कीं, राजा एक, मीही एकच, मग ‘वेअर’ हें अनेकवचन कशाला? बहुतेक ठिकाणीं त्याला एवढेंच उत्तर मिळे कीं, ‘इफ’च्या मागून नेहमीं ‘वेअर’ येतें. पाठ कर आणि खालीं बैस.

मुलाचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दोन्ही अंगांनीं चुकलेलें होतें. ‘इफ’च्या मागून ‘वेअर’ नेहमीं येत नाहीं. आणि या वाक्यांत तें येतें तें अनेकवचन म्हणून नव्हे.

नवव्या शतकांत, इ. स. ८७१ पासून ८९९ पर्यंत, इंग्लंडच्या दक्षिण भागांत ॲल्फ्रेड राजा राज्य करीत होता. त्या वेळची इंग्रजी आजच्या इंग्रज माणसाला परकी वाटावी इतकी निराळी होती. तींत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, विशेषणें लिंगवचनाप्रमाणें बदलत, आणि क्रियापदाला, संस्कृतांतल्याप्रमाणें, निरनिराळे ‘अर्थ’ असत. जें घडलें तें सांगण्याचें रूप एक. जें मनानें कल्पिलें, इच्छिलें किंवा शंकेनें उच्चारलें, तें सांगण्याचें रूप दुसरें. ‘असणें’ या क्रियापदाचीं भूतकाळीं घडलेल्या गोष्टीचीं रूपें एकवचनीं ‘वॅस’ आणि अनेकवचनीं ‘वॅरॉन’ अशीं होत. कल्पित गोष्टीचीं रूपें एकवचनीं ‘वॅरे’ आणि अनेकवचनीं ‘वॅरेन’ अशीं होत. ‘इफ आय वेअर’ यांतील ‘वेअर’ हें या ‘वॅरे’चें वंशज आहे, म्हणजे शुद्ध एकवचन आहे. पुढें शब्दांचे शेवट झिजत गेले आणि ‘वॅरॉन’, ‘वॅरे’ व ‘वॅरेन’ या तिहींचें मिळून एकच ‘वेअर’ झालें. एकाच आडनांवाचीं तीन कुळें एका वाड्यांत राहूं लागावीं आणि शेजाऱ्यांनीं तें एकच कुटुंब समजावें, तसा हा प्रकार झाला.

‘वॉज’मध्यें ‘स’च्या जातीचा वर्ण आणि ‘वेअर’मध्यें ‘र’ हा फरक कोठून आला, याची हकीकत तर संस्कृत जाणणाऱ्यास फारच गोड वाटेल. ‘वॉज’ हा शब्द मुळीं ‘होता’ या अर्थाचा नव्हे. त्याचा मूळ धातु ‘राहणें, मुक्काम करणें’ या अर्थाचा असून तो संस्कृतांतील ‘वस्’ धातूचा सख्खा भाऊ आहे. मराठींतील वसणें, वस्ती, निवास हे शब्द त्याच घराण्यांतले. इंग्रजी ‘इज’ हा ‘अस्’च्या वंशांतला, ‘बी’ हा ‘भू’च्या वंशांतला आणि ‘वॉज’ हा ‘वस्’च्या, तिघांनीं मिळून एका क्रियापदाचा संसार चालविला आहे. ‘वस्’चें परोक्षभूताचें रूप एकवचनीं ‘उवास’ आणि अनेकवचनीं ‘ऊषुः’ असें होतें. वैदिक उच्चारांत एकवचनाच्या रूपांत उदात्त स्वर धातूवर पडतो, अनेकवचनाच्या रूपांत तो प्रत्ययावर जातो. कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडितानें १८७७ सालीं छापलेल्या निबंधांत असें दाखवून दिलें कीं, इंग्रजी-जर्मन कुळांतील भाषांत जेथें आघात पूर्वीं धातूवर होता तेथें ‘स’ टिकला, आणि जेथें तो प्रत्ययाकडे होता तेथें ‘स’ मृदु होत गेला. त्याचाच पुढें ‘र’ झाला. कल्पिताच्या रूपांतही आघात प्रत्ययाकडेच होता. म्हणून तेथेंही ‘र’ आला. वेदपाठकांनीं पिढ्यान् पिढ्या मुखानें जतन केलेला स्वर इंग्रजी क्रियापदांतील एका अक्षराचा खुलासा करतो, यापेक्षां भाषाशास्त्राची अधिक मोठी करामत कोणती सांगावी?

जी गोष्ट घडली नाहीं हें बोलणाराला ठाऊक आहे, तरी ती घडली असती तर काय झालें असतें हें त्याला सांगावयाचें आहे, अशी गरज प्रत्येक भाषेला पडते. पाणिनीनें या कामाला ‘लृङ्’ नेमून दिला. ‘अभविष्यत्’ हें त्याचें रूप. पाऊस पडला असता तर सुकाळ झाला असता, असें म्हणावयाचें तर संस्कृतांत दोन्ही वाक्यांशांत ‘लृङ्’ घालतात. पण हें रूप वैभवाला कधींच चढलें नाहीं. ऋग्वेदांत तें एकदांच येतें; शतपथब्राह्मणांत पन्नासांहून अधिक वेळां येतें; पुढें तें विरळच राहिलें. प्राकृतांत तर तें नाहींसें झालें. परंतु रूप गेलें म्हणून गरज जात नाहीं. प्राकृत बोलणारांनीं वर्तमानकाळाचें धातुसाधित विशेषण या कामाला लाविलें, आणि बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या व्याकरणांत त्याची नोंद केली. मराठीचा ‘-ता’ हा संकेतार्थ याच वळणाचा आहे : ‘तो येता तर’, ‘तो असता तर’.

मराठींतील हीं रूपें नीट न्याहाळलीं तर इंग्रजी ‘वेअर’ची स्थिति आपोआप उमगते. ‘तो गिरगांवांत असतो’ आणि ‘तो गिरगांवांत असता तर’ यांत रूपांचा भेद स्पष्ट आहे. परंतु ‘मी गिरगांवांत असतो’ आणि ‘मी गिरगांवांत असतो तर’ यांत क्रियापदाच्या रूपांत कांहींच भेद नाहीं. ‘तर’वरून आणि बोलण्याच्या ओघावरून अर्थ समजतो. मराठींत कांहीं पुरुषांत भेद टिकला आहे, कांहींत बुजला आहे. इंग्रजींत तो सगळ्या क्रियापदांत बुजला आणि एकट्या ‘असणें’च्या एकवचनांत टिकला, एवढाच काय तो फरक.

तो बुजण्याची क्रिया फार जुनी आहे. ‘प्रेम करणें’ अशा साध्या क्रियापदांत भूतकाळाचें एकवचन घडलेल्या गोष्टीला आणि कल्पित गोष्टीला ॲल्फ्रेडच्या काळींच एकसारखें होतें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतरच्या दोनतीन शतकांत उरलेसुरले प्रत्ययही झडले. मग संस्कृताची जी अडचण प्राकृताला सोडवावी लागली, तीच इंग्रजीला सोडवावी लागली. जुन्या इंग्रजींत संस्कृताप्रमाणेंच दोन्ही वाक्यांशांत एकच कल्पिताचें रूप चाले. आतां ‘तर’च्या बाजूचें रूप ओळखूं येईनासें झाल्यावर तेथें दोन सहायक क्रियापदें येऊन बसलीं : ‘वुड’ आणि ‘शुड’. ‘वुड’ म्हणजे मूळचें ‘इच्छिलें’, आणि ‘शुड’ म्हणजे मूळचें ‘देणें लागत होतें’. ‘जर’च्या बाजूला मात्र साधें भूतकाळाचें रूप राहिलें. इंग्रजींत ‘जर’ आणि ‘तर’ यांचे पोषाख निराळे झाले ते असे.

मराठी विद्यार्थी ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ असें कां लिहितो, याचें कारणही येथें सांपडतें. त्याच्या मातृभाषेंत पोषाख अजून एकच आहे. ‘पाऊस पडला असता तर पीक आलें असतें’ : इकडेही ‘असता’, तिकडेही ‘असतें’. तो ‘असता’ला ‘वुड हॅव’ हा प्रतिशब्द शिकतो आणि प्रामाणिकपणें दोन्हीकडे घालतो. त्याच्या पेपरावर तांबडी रेघ ओढली जाते ती वाजवी आहे, पण तिच्या शेजारीं हा खुलासा क्वचितच लिहिलेला आढळतो. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांची पुरुषपरत्वें वांटणी हा आणखी एक छळ. जॉन वॉलिस या गणित्यानें, ज्यानें गणितांत अनंताचें चिन्ह रूढ केलें त्यानेंच, १६५३ सालीं लॅटिनमध्यें इंग्रजीचें व्याकरण लिहून ‘शॅल’ आणि ‘विल’ कोणत्या पुरुषांत कोणत्या अर्थानें योजावें हें ठरवून दिलें. त्याच न्यायानें पुढें ‘मी’ला ‘शुड’ आणि ‘तो’ला ‘वुड’ असें शाळांतून घोकविलें गेलें. आज तो भेद इंग्लंडांतही जवळजवळ उरलेला नाहीं.

शेक्सपिअरच्या काळीं कल्पिताचें ‘वेअर’ अगदीं जिवंत होतें. ‘मॅक्बेथ’ नाटकांत राजाच्या खुनापूर्वीं नायक जें स्वगत बोलतो त्याच्या आरंभींच ‘इफ’ आणि ‘वेअर’ आहेत. परंतु त्याच सुमारास, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, लोकांच्या बोलण्यांतून ‘इफ आय वॉज’ डोकें वर काढूं लागलें होतें. यांत अडाणीपणा नव्हता. उलट एक प्रकारचा न्याय होता. ‘इफ आय हॅड’, ‘इफ आय न्यू’ अशा सगळ्या वाक्यांत ‘इफ’मागें साधा भूतकाळ चालतो, मग एकट्या ‘असणें’नेंच वेगळा मान कां घ्यावा? सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हें ‘वॉज’ पुष्कळ पसरलें, आणि अठराव्या शतकांत सुशिक्षितांच्या लेखणींतूनही तें उतरूं लागलें.

त्याच काळीं ‘वॉज’नें दुसरीकडेही पाय पसरले होते. ‘यू’ हें मूळचें अनेकवचन. आदरार्थ एका माणसाला लावतां लावतां तें एकवचनही झालें, जसें मराठींत ‘तुम्ही’ होतें. मराठींत आदराच्या ‘तुम्ही’बरोबर क्रियापदही अनेकवचनी राहतें. अठराव्या शतकांतील पुष्कळ इंग्रजांना मात्र असें वाटलें कीं, माणूस एक असेल तर ‘यू वॉज’ म्हणावें आणि अनेक असतील तर ‘यू वेअर’. सोय उत्तम होती. एक कीं अनेक हें ऐकतांच कळलें असतें.

या दोन्ही ठिकाणीं व्याकरणकार आडवे आले. १७६२ सालीं रॉबर्ट लाउथ यानें इंग्रजीचें एक लहानसें व्याकरण प्रसिद्ध केलें. हा मोठा हिब्रू पंडित. पुढें लंडनचा बिशप झाला. त्याच्या पुस्तकाच्या तळटीपांत शेक्सपिअर, मिल्टन, पोप यांच्यासारख्यांच्या चुका दाखविलेल्या आहेत, आणि त्या तळटीपाच लोक चवीनें वाचीत. लाउथनें ‘यू वॉज’ला घोर अपराध ठरविलें. अमेरिकेंत नोहा वेबस्टर यानें १७८९ सालीं ‘यू वॉज’ची बाजू घेतली, पण ती टिकली नाहीं. लाउथच्या एक वर्ष आधीं, १७६१ सालीं, जोसेफ प्रीस्टली यानेंही इंग्रजीचें व्याकरण लिहिलें होतें. प्राणवायूच्या शोधाशीं ज्याचें नांव जोडलें गेलें तोच हा प्रीस्टली. त्याचें मत असें कीं, भाषेंत शेवटचा न्यायाधीश लोकांचा व्यवहार हाच. प्रीस्टलीचा पक्ष अधिक शहाणपणाचा होता. परंतु शाळांना न्याय नको असतो, नियम हवा असतो. म्हणून लाउथचा पक्ष जिंकला.

तो जिंकविला लिंडले मरे यानें. मरेचा जन्म १७४५ सालचा, अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाचा. धंद्यानें वकील, न्यूयॉर्कास व्यापारांत त्यानें चांगला पैसा मिळविला. पुढें अंगांतील स्नायूंची शक्ति कमी होऊं लागली, म्हणून हवापालटासाठीं १७८४ सालीं तो इंग्लंडास आला आणि यॉर्क शहराजवळ होल्गेट येथें राहिला. परत जाणें झालेंच नाहीं. चालणें जवळजवळ बंद झालें. तो क्वेकर पंथाचा होता. यॉर्कांत त्याच पंथाची मुलींची एक शाळा होती. तेथील शिक्षिकांनीं विनंती केली कीं, आम्हांला शिकविण्यासारखें एक व्याकरण लिहून द्या. त्याप्रमाणें त्यानें लिहिलेलें व्याकरण १७९५ सालीं बाहेर पडलें. नवें असें त्यांत थोडें. लाउथ आणि इतर यांच्याकडूनच बहुतेक घेतलेलें. पण मांडणी नीट, उदाहरणें सोज्ज्वळ, नियम ठाम. एका शाळेच्या मुलींसाठीं खुर्चीला खिळलेल्या माणसानें लिहिलेलें तें पुस्तक इंग्लंड, अमेरिका आणि इंग्रजांच्या वसाहती यांतील शाळाशाळांतून गेलें. १८२६ सालीं तो वारला तेव्हां इंग्रजी व्याकरण म्हणजे मरे असें समीकरण झालें होतें.

मरेचा ठोकळ नियम असा कीं, वाक्यांत अनिश्चितता किंवा शंका असेल तेथें कल्पिताचें रूप योजावें. घोळ नेमका येथेंच आहे. शंका असणें निराळें आणि गोष्ट खोटी आहे हें ठाऊक असणें निराळें. नियमानें दोन्ही एका दावणीला बांधलीं. पुढच्या शिक्षकांनीं त्याहूनही सोपें केलें : ‘इफ’ दिसलें कीं ‘वेअर’ घाला.

हा नियम महाराष्ट्रांत आला त्याची वाटही मरेच्या दारावरूनच जाते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांच्यापुढें मरेच्या व्याकरणाचा नमुना होता. मराठीची मांडणी इंग्रजी चौकटींत झाली ती अशी. पुढें मोरो केशव दामले यांनीं १९११ सालच्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणां’त त्या चौकटीची कसून झडती घेतली. इंग्रजी शिकविणारांच्या हातीं मात्र विलायती वळणाचींच पुस्तकें राहिलीं. त्यांपैकीं रेन आणि मार्टिन यांचें पुस्तक मुंबईंतूनच निघालें. त्यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेले गृहस्थ, आणि ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या कादंबरीचे कर्ते.

खरें पाहतां मराठी मुलाला या नियमाची गरजच नव्हती. कसोटी त्याच्या तोंडांतच होती. ‘जर तो काल घरीं होता, तर त्यानें दार कां उघडलें नाहीं?’ येथें बोलणारा तो घरीं नव्हता असें म्हणत नाहीं. असेल, नसेल, किंबहुना असावाच. येथें इंग्रजींत ‘वॉज’च पाहिजे, ‘वेअर’ घातलें तर चूक. ‘तो आतां घरीं असता, तर त्यानें दार उघडलें असतें.’ येथें तो घरीं नाहीं हें बोलणाराला ठाऊक आहे. येथें ‘वेअर’ शोभतें. आणि ‘डॉक्टर घरीं आहेत कां, असें त्यानें विचारलें’ या वाक्याच्या इंग्रजींत ‘इफ’ आलें तरी तें ‘जर’ नव्हेच. तें ‘कीं नाहीं’ आहे. तेथें ‘व्हेदर’ हा शब्द अधिक स्वच्छ, आणि ‘वेअर’ला तर मुळींच जागा नाहीं. मराठींत ‘असता’ येतें तेथें ‘वेअर’, ‘होता’ किंवा ‘असला’ येतें तेथें ‘वॉज’, एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली असती तर कित्येक पिढ्यांचें घोकणें वांचलें असतें. मात्र गोष्ट भूतकाळांतली असली तर ‘असता’ला ‘हॅड बीन’ लागतें, एवढी पुस्ती तिला जोडावी लागली असती.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. कोर्टांत एखादा साक्षीदार म्हणाला, ‘तो त्या रात्रीं वाड्यांत होता, तर त्यानें आरडाओरड ऐकलीच असेल,’ तर आरोपी वाड्यांत असल्याची शक्यता त्यानें उघडी ठेविली. तोच म्हणाला, ‘तो वाड्यांत असता, तर त्यानें आरडाओरड ऐकली असती,’ तर आरोपी तेथें नव्हता असें त्यानें सांगून टाकलें. दुभाष्यानें ‘होता’ आणि ‘असता’ यांना एकच इंग्रजी रूप वापरलें तर न्यायाधीशासमोर साक्षच बदलते. व्याकरणांतील एका रूपावर माणसाची सुटका अवलंबून राहूं शकते ती अशा ठिकाणीं.

विसाव्या शतकांत निकाल थोडा फिरला. हेन्री फाउलर, जो स्वतः पूर्वीं शाळामास्तर होता, त्यानें १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी प्रयोगांच्या कोशांत असें मत दिलें कीं, कल्पिताचें रूप थोड्या ठराविक जागा सोडल्या तर मरणपंथाला लागलें आहे, आणि केवळ ऐटीसाठीं तें वापरणें लिखाणाला जड करतें. जर्मन भाषेंत हेंच रूप अजून धडधाकट आहे, हें येथें लक्षांत ठेवावें. फाउलरचें भाकीत सर्वस्वीं खरें ठरलें असेंही नाहीं. अमेरिकेंत ‘त्यानें जावें अशी मागणी’ अशा वाक्यांत जुनें प्रत्ययहीन रूप विसाव्या शतकांत पुन्हां जोरानें उभें राहिलें आणि तेथून इंग्लंडांतही परतलें. ‘इफ आय वॉज’बद्दल मात्र भांडण निवळत गेलें. रॉडनी हडल्स्टन आणि जेफ्री पुलम यांनीं सिद्ध केलेल्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणांत, २००२ सालीं, ‘वेअर’ला भूतकाळाचें रूप म्हणण्याचेंही सोडून दिलें आहे, असत्याची कल्पना दाखविणारें, एकाच क्रियापदाला उरलेलें एक निराळें रूप, अशी त्याची गणना केली आहे. त्याच्या जागीं ‘वॉज’ येणें हें बोलीच्या जवळचें मानलें जातें, अशुद्ध नव्हे.

कांहीं जागा मात्र ‘वॉज’ला अजूनही मिळालेल्या नाहींत. ‘मी तुमच्या जागीं असतो तर’ याला इंग्रज ‘इफ आय वेअर यू’ म्हणतो. तेथें ‘वॉज’ ऐकूं येतें, पण पुष्कळांच्या कानाला खटकतें. आणि ‘इफ’ गाळून क्रियापद पुढें आणावयाचें असेल, तर ‘वेअर आय’ असाच आरंभ करावा लागतो. कोणी ‘वॉज आय’ म्हणून सुरुवात केली, तर ऐकणारा तो प्रश्न समजतो आणि उत्तर द्यावयाला लागतो.